दात लागतोय म्हणून सोडून दिलेली जखम : मार्केट यार्डातल्या एका टेम्पोवाल्या दादांची केस

पेशंट पुरुष, वय ४६, धंदा टेम्पोचा. पुण्याच्या मार्केट यार्डातून कांदा-बटाटा उचलायचा आणि कात्रज, आंबेगाव, नऱ्हे साइडच्या दुकानांना टाकायचा. राहायला अप्पर इंदिरानगरला. दारू नाही, सिगरेट नाही, शुगर-बीपी काही नाही. सवय एकच, मावा. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत, पण तोंडात जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितेय.

आधी ते गुटखा खायचे. २०१२ च्या जुलैत राज्यात गुटखाबंदी आली तेव्हा घरच्यांना वाटलं सुटलो एकदाचे, आणि दादा महिन्याभरात माव्यावर गेले, कारण टपरी तीच, टपरीवाला तोच, फक्त पाकिटाच्या ऐवजी प्लास्टिकच्या कागदात सुपारी-तंबाखू-चुना घोळून मिळायला लागला. दिवसाला पाच-सहा पुड्या. गाडी चालवताना हात मोकळे नसतात म्हणून एकदा भरला की तास-तासभर डाव्या गालात, खालच्या दाढांच्या बाजूला, तसाच. पहाटे माल भरायची वाट बघत केबिनमध्ये डुलकी लागली तरी तोंडात असायचाच. हे मी मुद्दाम विचारते सगळ्यांना, की झोपताना काढता का, आणि बरेच जण नजर चुकवतात.

ते स्वतःसाठी माझ्याकडं आलेच नव्हते. त्यांच्या मिसेसचं रूट कॅनाल चालू होतं, शेवटच्या सिटिंगला उठता उठता त्या म्हणाल्या, मॅडम ह्यांचं तोंड येतंय सारखं, एखादं औषध लिहून द्या ना. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे गणपतीच्या आधीपासून. आणि आम्ही बोलत होतो तेव्हा दसरा होऊन गेलेला. मग दुसरा प्रश्न, जागा बदलते की तिथंच? "तिथंच की, डावीकडं. दात लागतो म्हणतात."

आता तोंड येणं आपल्याकडं घरोघरी. जागरण झालं, मसालेदार झालं, परीक्षा आली, तोंड आलं. त्या साध्या फोडाची पद्धत ठरलेली असते, पहिल्या दिवसापासून ठणकतो, जेवू देत नाही, आठवडा-दहा दिवसांत आपोआप भरतो, आणि पुढच्या वेळी येतो तो भलत्याच ठिकाणी. एकाच जागी दोन आठवड्यांच्या वर टिकून बसलेली जखम त्या हिशोबात बसत नाही, मग ती दुखो न दुखो. इथं तर दीड-दोन महिने झालेले. मी म्हणाले, ताई औषध नाही लिहून देत, आधी त्यांना पाठवा.

पाठवा म्हटलं आणि आले असं होत नाही. दिवाळीचा माल चालू होता. शेवटी एका दुपारी आले ते घाईतच, "मॅडम लवकर बघा, टेम्पो खाली रस्त्यात उभाय, ट्रॅफिकवाले उचलतील."

तोंड उघडा म्हटलं आणि तिथंच मी थबकले. आपलीच तीन बोटं, एकावर एक धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये बसली पाहिजेत. दादांची दोन गेली, तिसरं अडलं. मोजलं तर २७ मिलिमीटर, मोठ्या माणसाचं साधारण ३५ ते ४५ असतं. त्यांना स्वतःला याचा पत्ताच नव्हता, "माझं तोंडच लहान आहे पहिल्यापासून." दोन्ही गाल आतून संगमरवरासारखे पांढुरके पडलेले, बोट फिरवलं की उभे कडक पट्टे हाताला लागत होते, पडजीभ आखडलेली. हा सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अरेकोलिन वगैरे द्रव्यांनी गालाच्या कातडीखाली चिवट तंतू साठत जातात आणि गाल ताणलाच जात नाही. झालेला बदल मागं फिरत नाही, आणि हा नुसता तोंड आखडण्याचा आजार नाही, अशा गालात पुढं कॅन्सर व्हायची शक्यता चांगल्या गालापेक्षा पुष्कळ जास्त.

मग डावा गाल. टॉर्च नीट आत जाईना, आरसा तिरका करून बघावं लागलं. खालच्या दाढांच्या समोर साधारण दीड सेंटिमीटरचा डाग, पांढऱ्यात लाल मिसळलेला, मधोमध जखम. गॉझनं पुसलं, निघाला नाही, बुरशीचा थर असता तर पुसून आला असता. एक बोट आतून, दुसऱ्या हाताचं बाहेरून गालावर ठेवून जखमेची कड चिमटीत धरली. आजूबाजूचा भाग सोडून तेवढीच जागा घट्ट, गाठीसारखी. दुखतंय का? "अजिबात नाही. तेच तर मी हिला सांगतोय, दुखत नाही म्हणजे काही नाही." मानेत बोटांना कुठं गाठ लागली नाही.

दात लागतोय हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे सांगायलाच पाहिजे. खालच्या दाढेचा एक कोपरा झिजून धारदार झालाच होता आणि बरोबर तिथंच लागत होता. एरवी अशा वेळी काय करतात, तर ती धार घासून काढायची, दोन आठवडे थांबायचं, जखम भरली तर सुटलो, नाही भरली तर तुकडा तपासायला पाठवायचा. धार मी त्याच दिवशी घासली. थांबले मात्र नाही. कड घट्ट लागत होती, पांढऱ्यात लाल होतं, आखडलेल्या गालावर होतं आणि मावा नेमका तिथंच असायचा. नुसते एकसारखे पांढरे डाग पुष्कळ लोकांच्या तोंडात असतात आणि त्यातले बरेचसे वर्षानुवर्षं तसेच राहतात, पण लाल दिसलं की माझा सूर बदलतो, दिसायला तो किरकोळ मखमली डाग असतो आणि पेशंट पांढऱ्याला घाबरून येतो, लालकडं बघत पण नाही. बायोप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासायची, चिठ्ठी लिहिली.

पुढं दोन-तीन वेळा घरच्यांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की हे सगळं दिसत होतं सगळ्यांना, फक्त प्रत्येकाला एकेक तुकडा दिसत होता. मिसेसना दिसलं होतं की मागच्या वर्षापासून हे ठेचा मागत नाहीत, मिसळीत तर्री घेत नाहीत, आमटीत दही कालवून खातात, आणि त्या खूश होत्या की चला, ॲसिडिटीचं मनावर घेतलं. तिखट झोंबायला लागणं हे त्या फायब्रोसिसचं अगदी सुरुवातीचं लक्षण. मुलाला दिसलं होतं की पप्पा पाणीपुरी अख्खी घालत नाहीत, फोडून खातात, वडापावचे तुकडे करतात. केशकर्तनालयवाल्यानं दाढी करताना सांगितलं होतं, शेठ गाल फुगवा, आणि गाल फुगेना म्हणून तो दोन बोटांनी कातडी ताणून वस्तरा फिरवायला लागला, त्याला वाटलं वय झालं. मेडिकलवाला दर आठवड्याला बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप आणि तोंडाला लावायचं जेल देत होता, एकदाही विचारलं नाही की कुणासाठी आणि कितवं. या माणसांवर राग काढून उपयोग नाही. पण मला विचाराल तर मेडिकलचा काउंटर ही या आजारात डॉक्टरपेक्षा आधीची जागा आहे, तिथं महिनाभरात दुसरी ट्यूब मागणाऱ्याला "अजून भरलं नाही? दाखवून या" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

घरी प्रयत्न झाले होते, नाही असं नाही. जाईची पानं चावून झाली, गुलकंद झाला, सब्जा झाला, उष्णता म्हणून चहा बंद झाला. चहा बंद, मावा चालू.

बायोप्सीची चिठ्ठी हातात घेऊन गेले ते आठ दिवस गायब. फोन केला तर फोनवर मेहुणे. म्हणाले, "मॅडम, आमच्या गावाकडं एकाला असंच सुरी लावली आणि झपाट्यानं पसरला, तर आम्ही आधी गावठी औषध बघतोय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. त्या गावाकडच्या माणसाची जखम किती महिने जुनी होती, गाठ आलेली होती का, हे कुणालाच माहिती नसतं, लक्षात राहते ती फक्त सुरी. मी त्यांना एवढंच म्हणाले की दाजींना बधिर करून डाळीएवढा तुकडा काढणार आहेत, एक-दोन टाके पडतील, ते त्याच दिवशी घरी येतील, त्यानं आजार पसरत नाही, आणि तो तुकडा बघितल्याशिवाय तुमचा वैद्य काय आणि मी काय, दोघंही अंदाजच करणार. आणि एक प्रश्न विचारला, मागच्या दोन महिन्यांत जखम लहान झाली की मोठी? पलीकडं थोडा वेळ कुणीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

रिपोर्ट आठवड्यानं आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, वेल डिफरन्शिएटेड, म्हणजे पेशी अजून बऱ्याचशा मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. दादांनी पहिलं काय विचारलं तर "टेम्पोचा हप्ता अजून दोन वर्षं आहे, तोवर..." पुढचं वाक्य मिसेसनी पूर्ण होऊ दिलं नाही.

मग एमआरआय आणि पैशाची गोष्ट. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसत होते. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं, तिथून कागद पुढं जातात आणि मंजुरी येते. यांचं रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना, आडनावात एक अक्षर इकडचं तिकडं, त्यात काही दिवस गेले. म्हणून मी आता संशय आला की बायोप्सीच्या चिठ्ठीबरोबरच सांगते, कागद आत्तापासून काढून ठेवा, लागले नाहीत तर आनंदच आहे.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी सांगितलं की गालाचा भाग तर काढूच, चारी बाजूंनी साधारण सेंटिमीटरभर चांगली जागा धरून, पण मानेच्या डाव्या बाजूच्या गाठी पण काढणार. यावर परत मेहुणे, "गाठ लागतच नाही म्हणताय तर मान कशाला कापायची?" प्रश्न चुकीचा नाही, डॉक्टरांमध्ये पण यावर वर्षानुवर्षं वाद होता. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी हा वाद अभ्यास करून सोडवला, २०१५ साली तो छापून आला. सुरुवातीच्या स्टेजच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनला काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, आणि ज्यांच्यात गाठ दिसेपर्यंत थांबले त्यांच्यात ६७.५ टक्के. बोटांना न लागणाऱ्या, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी काही जणांच्या मानेत आधीच पोचलेल्या असतात. मेहुणे ऐकून घेतात, हा त्यांचा चांगला गुण.

ऑपरेशन झालं. तपासणीत जखमेची खोली ४ मिलिमीटर निघाली, कापलेल्या कडा मोकळ्या, मानेतल्या सगळ्या गाठी साफ. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या आत, पाच मिलिमीटरपेक्षा कमी खोल, पहिली स्टेज. रेडिएशन लागलं नाही. जबड्याचं हाड शाबूत. हेच सहा महिने उशिरा आले असते तर काय असतं हे मी नक्की सांगू शकत नाही, पण जबडा कापून पायाचं हाड बसवलेले, त्यावर सहा-सात आठवडे रेडिएशन घेतलेले, नळीनं जेवणारे पेशंट मी बघितलेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात "दात लागतोय" नाहीतर "दाढ हलतीय" अशीच होती.

दाढेवरून आठवलं. हिरड्यांचा आजार नसताना एखादाच दात हलायला लागणं, दाढ काढली आणि खड्डा भरतच नाही, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, कवळी अचानक बसेनाशी होणं, एकाच बाजूचा कान दुखणं आणि कानात काहीच न सापडणं, मानेत न दुखणारी गाठ येणं, ही पण लक्षणंच. दादांना यातलं एकही नव्हतं. बरं झालं नव्हतं, कारण यातली बरीचशी येतात तोपर्यंत आजारानं हाड किंवा नस किंवा मान गाठलेली असू शकते. लवकरच्या लक्षणांची अडचणच ही आहे की ती कंटाळवाणी असतात, न दुखणारा डाग, थोडं झोंबणं, थोडं कमी उघडणं.

घरी बघायचं म्हणजे फार काही नाही. सकाळी चूळ भरून, कवळी असेल तर काढून, मोबाइलचा टॉर्च लावून आरशासमोर उभं राहायचं, दोन्ही गाल बोटानं ओढून शेवटच्या दाढेपर्यंत बघायचं, ओठ उलटे करायचे, जीभ वर करून खाली आणि रुमालात धरून दोन्ही कडा, मग मान चाचपायची, शेवटी ती तीन बोटं. दादांच्या मिसेसनी एकदा टॉर्च मारून बघितलं होतं गणपतीत, पण तोंडच उघडत नव्हतं म्हणून काही दिसलं नाही, आणि न दिसल्यामुळं निर्धास्त झाल्या. उघडत नाही हीच तर बातमी होती.

नुसतं बघून काय होणार असं वाटतं लोकांना. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा अभ्यास झाला, डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन टॉर्चनं तोंडं बघायचे. २००५ मध्ये निकाल छापला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. ना महागडं मशीन, ना रक्ताची तपासणी. आपल्याकडं २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे निघाले, म्हणजे साधारण चारातला एक, आणि देशात वर्षाला तोंडाच्या कॅन्सरचे नवे पेशंट १ लाख ४३ हजारांच्या वर आहेत, २०२२ चा अंदाज. एवढ्या तोंडांसाठी बघणारे डोळे कुठं आहेत, हा प्रश्न राहतोच.

त्या चारातल्या एकात दादांच्या मिसेस पण होत्या. मशेरी. विचारलं तर "ती काय तंबाखू खाणं नव्हे मॅडम, दात घासते फक्त," आणि तव्यावर भाजतात ती तंबाखूच. खालच्या ओठाच्या आत, मशेरी साठते तिथं सुरकुतलेला पांढरा पट्टा होता, मऊ, लाल कुठं नाही. इथं मी घाई केली नाही, मशेरी सोडायला लावली आणि परत बोलावलं. काही आठवड्यांत पट्टा जवळजवळ गेला. त्यांनी मशेरी बंद केली ती केलीच, नवऱ्यापेक्षा जास्त निश्चयाची बाई.

दादांचं काय झालं, तर तंबाखू सुटली. आणि तिसऱ्या फॉलोअपला खिशात सुगंधी सुपारी. "यात तंबाखू नाही मॅडम, बघा पाकीट." मला खरं सांगायचं तर चिडायला झालं, पण चूक त्यांच्या एकट्याची नाही, बोर्डावर, पाकिटावर, जाहिरातीत सगळीकडं तंबाखूच वाईट म्हणून सांगितलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलीय. आणि त्यांचं तोंड आखडलं ते मुळात सुपारीनं. हे परत पहिल्यापासून समजावलं, या वेळी मुलाला पण समोर बसवून.

सध्या ते आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरतात, दिवसातून चार-पाच वेळा, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. तोंड ३१ मिलिमीटरपर्यंत आलंय. डावा खांदा अजून जड वाटतो, मानेच्या ऑपरेशननंतर तसं होतं, फिजिओचा व्यायाम चालू आहे, गोणी उचलायला हेल्पर ठेवलाय. उजवा गाल पण तेवढीच वर्षं त्याच रसात भिजलेला आहे, तिथं एक पातळ पांढरा डाग मी दर वेळी स्केल धरून फोटो काढून ठेवते, अजून वाढलेला नाही, रंग बदललेला नाही. पहिलं वर्ष महिना-दोन महिन्यांनी तपासणी, मग अंतर वाढवायचं.

तो हेल्पर पोरगा २२ वर्षांचा. दादाच त्याला कॉलर धरून घेऊन आले होते. तीन बोटं जातात, पण चिंचेची चटणी झोंबते म्हणाला, आणि गाल आतून पांढुरका व्हायला लागलाय. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा फुकटचा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह केला, एकदा लावला पण. मावा पाचवरून दोनवर आलाय म्हणतो. दादांचा त्यावर विश्वास नाही, ते रोज त्याचे खिसे तपासतात.